दहा पीपीएमचा मेहुणा

काटेसाहेब त्या दिवशी नुसतं "बघतो" म्हणाले होते. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दातून घडलं असं त्यांच्या बायकोचं मत आहे, आणि चौतीस वर्षांच्या संसारात तिचं मत चुकल्याची नोंद नाही.

झालं असं, की रविवारी सकाळी मेहुणा आला. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय वर्षं चोपन्न, भर चौकात रंगाचं दुकान, पण घरातलं नाव अजूनही बाळ. बाळच्या एका हातात काचेची बाटली होती. दुसऱ्या हातात जाड पेनासारखं एक यंत्र होतं, ते त्यानं टीपॉयवर असं अलगद ठेवलं, की त्याला आता फक्त पांघरूण घालायचं बाकी आहे.

"भाऊजी, मीटर गेला."

"कसला मीटर?"

"चांदीच्या पाण्याचा."

बाळ गेले सोळा महिने घरच्या घरी चांदीचं पाणी तयार करून रोज सकाळी पेलाभर पीत होता. कृती सोपी होती. शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, तारांना बॅटऱ्या जोडायच्या आणि वाट बघायची. चांदी कणाकणानं पाण्यात उतरते. मधूनमधून मीटर बुडवायचा, त्यानं दहाचा आकडा दाखवला की बॅटऱ्या काढायच्या. दहा पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत चांदीचे दहा भाग. या पाण्यानं सर्दी, पित्त, गुडघे आणि विसरभोळेपणा असं सगळं बरं होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते तो विसरला होता.

"तुम्ही जन्मभर मापं तपासलीत," बाळ म्हणाला. "बाजारात पन्नास प्रकारचे मीटर आहेत. मला एक खात्रीचा निवडून द्या. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

इथंच घात झाला. काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूचा काटा केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फोडायचे, म्हणून काटेसाहेब. खरं आडनाव पेन्शनच्या कागदांवर आहे, ते तिथंच असू दे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत कुणीही त्यांना काहीही तपासायला सांगितलं नव्हतं. सांगण्याची वाट न बघता त्यांनी घरातलं दुधाचं माप तपासलं, तर दूधवाला बदलावा लागला होता.

"बघतो," ते म्हणाले.

"काही बघू नका," आतून बायको म्हणाली. "आणि बाळ, तू ते पाणी प्यायचं बंद कर. तोंड कसं उतरलंय बघ."

"उतरलं नाहीये ताई, तेज आलंय."

मीटर निवडायचा म्हणजे दुकानात जाऊन एक उचलायचा, असं सामान्य माणसाला वाटतं. काटेसाहेब सामान्य नव्हते. तराजू तपासायचा तर हाताशी खरं वजन हवं. तसंच मीटर तपासायचा तर हाताशी चांदीचं पाणी हवं, आणि ते डोळ्यांदेखत बनलेलं हवं. तेव्हा पाणी घरीच करायचं ठरलं.

ते तारा आणायला सोनाराकडे गेले. सोनारानं विचारलं, "काय घडवायचंय?"

"घडवायचं नाही. विरघळवायचंय."

सोनारानं भिंग खाली ठेवलं. काटेसाहेबांना बसायला स्टूल दिलं आणि फार हळुवार आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत प्रयोगशाळा उभी राहिली. एक बरणी, दोन तारा, तीन चौकोनी बॅटऱ्या आणि गॅरेजमधून आणलेलं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. काटेसाहेब समोर वही घेऊन बसले. बायकोनं एवढंच सांगितलं, की बरणी लोणच्याची आहे आणि ती परत लोणच्यासाठी वापरली जाणार नाही, याचं दुःख तिला कायम राहील.

पहिला मीटर त्यांनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या दुकानातून आणला. कोऱ्या पाण्यात त्यानं शून्य दाखवलं. काटेसाहेबांचे डोळे पाणावले. यंत्र प्रामाणिक होतं! तारा जोडल्या. तासाभरानं तीन, दोन तासांनी सहा, तीन तासांनी नऊ.

"नऊ!" ते ओरडले. "शून्यातून नऊ!"

बायको भांडी घासत होती. तिनं ओल्या हातानं मीटर घेतला, नळाच्या पाण्यानं भरलेल्या पातेल्यात बुडवला आणि परत त्यांच्या हातात दिला. मीटर तीनशे बारा दाखवत होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं चांदीच्या पाण्यानं भांडी घासतेय," ती म्हणाली. "सांगायचं तरी."

हा वार खोल गेला. काटेसाहेब दोन तास मीटरचं माहितीपत्रक उलटसुलट वाचत बसले. तिसऱ्या तासाला ते वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनवाल्यांकडे गेले. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि विजेच्या तारेशी संबंध असलेल्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द अखेरचा असे. निदान त्यांच्यापुरता.

"अहो, तुमचा मीटर पीपीएम मोजतच नाही," टेलिफोनवाले म्हणाले. "तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो, आणि मग मनानेच काहीतरी गणित करून पीपीएम म्हणून ठोकून देतो. सरळ वीज मोजणारा मीटर घ्या. मायक्रोसीमेन्सवाला."

दुसरा मीटर आला. त्याच बरणीतल्या त्याच पाण्यात त्यानं अठरा दाखवले.

"अठरा म्हणजे नऊ की अठरा?" काटेसाहेबांनी विचारलं.

"अठरा म्हणजे अठरा," टेलिफोनवाले ठामपणे म्हणाले.

दोघांत निकाल लागत नाही म्हटल्यावर पंच म्हणून तिसरा मीटर आणला, वेगळ्या कंपनीचा. त्यानं तेरा दाखवले. नऊ, तेरा, अठरा. एकच बरणी, एकच पाणी आणि तीन आकडे! नोकरीत असते तर काटेसाहेबांनी तिन्हींना तिथल्या तिथं लाखेचं सील ठोकलं असतं. त्यांनी ते आकडे वहीत लिहिले, खाली लाल रेघ मारली आणि त्या रात्रीचं जेवण अर्ध्यावर टाकून उठले. नोकरीतही त्यांनी असं एकदाच केलं होतं, आणि तेव्हा प्रश्न पेट्रोल पंपाचा होता.

दरम्यान टेलिफोनवाल्यांना मीटरचा नाद लागला. "जरा बघून देतो" म्हणून त्यांनी पहिला आणि तिसरा मीटर उसना नेला आणि इमारतीतलं प्रत्येक पातळ द्रव्य मोजून काढलं. चहा, ताक, फुलदाणीतलं पाणी, दाढीच्या मगातलं पाणी. पहिल्या मीटरनं डाव्या जिन्यातल्या घरांचं पाणी मोजलं, ते तीनशे बारा निघालं. तिसऱ्यानं उजव्या जिन्यातलं मोजलं, ते चारशे सदतीस. झालं! बुधवारी संध्याकाळी उजव्या जिन्यातली माणसं सेक्रेटरींच्या दारात उभी. आम्हीही तेवढीच वर्गणी देतो, मग आमच्याच वाट्याला जड पाणी का? सेक्रेटरींनी हात जोडून सांगितलं, की टाकी एकच आहे. त्यावर एक बाई म्हणाल्या, टाकी एकच असेल, पण नियत एक आहे का? डाव्या जिन्यातल्यांनी आधी दुर्लक्ष केलं. मग त्यांच्यातल्या एकाला शंका आली, की चारशे सदतीस म्हणजे जास्त पौष्टिक तर नसेल? तेव्हा तेही खाली उतरले. सभेत काटेसाहेबांनी उभं राहून मीटरमधला फरक समजावण्याचा प्रयत्न केला. "आग लावून आता शास्त्र सांगतायत," असं कुणीतरी मागून म्हणालं. पस्तीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर हे ऐकायची वेळ आली!

गुरुवारी ते तडक मीटरच्या दुकानात गेले. आवाज जुनाच लावला, निरीक्षकाचा.

"या मीटरवर काय लिहिलंय? पीपीएम. आणि दाखवतोय काय? वाट्टेल ते!"

दुकानदार सराईत होता. "साहेब, हा क्षार मोजायचा मीटर आहे. मीठ वगैरे. त्याला तुम्ही चांदी विचारलीत तर तो बिचारा मिठाच्या हिशेबानं उत्तर देणार."

"मग चांदीचा मीटर कुठला?"

दुकानदारानं थोडा विचार केला. "चांदीसाठी तुम्ही सोनाराकडे जाऊन बघा ना."

शेवटी तळमजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी वाट दाखवली. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि पाण्याच्या सभेत एकट्याच हसत होत्या. शुक्रवारी त्या वर्गात वापरायचा छोटा लेझर दिवा घेऊन आल्या. पडदे ओढले. आधी नुसतं शुद्ध पाणी समोर धरलं. उजेड आरपार गेला, पाण्यात काहीच दिसलं नाही. मग काटेसाहेबांची बरणी धरली. पाण्यात अस्पष्ट लाल रेघ उमटली.

"हे तरंगणारे कण," बाई म्हणाल्या. "बारीक असतात, पण उजेडात सापडतात. आता मला सांगा, मीटर काय मोजतो?"

"वीज."

"आणि वीज नेते ती विरघळलेली चांदी. हे तरंगणारे कण मीटरच्या लेखी नसल्यातच जमा."

काटेसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे बाई, माल आहे, पण काट्यावर येत नाही?"

"अगदी बरोबर."

तेवढ्यात बायकोनं बाळची बाटली पुढे केली. तो आला त्या दिवसापासून ती फ्रिजवर तशीच पडून होती. त्यातलं पाणी पिवळट तपकिरी होतं. बाईंनी लेझर लावला आणि बाटलीत रेघ दिसली नाही, अख्खी बाटलीच पेटल्यासारखी लाल झाली. 

"हे कोण पितं?" बाईंनी विचारलं.

"माझा भाऊ," बायको म्हणाली. "मीटरवर दहा येईपर्यंत बॅटऱ्या चालू ठेवतो. आणि बरणी कधी रिकामी करत नाही, त्यातच नवीन पाणी ओततो. मागच्या खेपेला सांगत होता, चांदीला आता सोन्याचा रंग चढलाय म्हणून."

बाईंनी लेझर बंद केला. "यात किती आहे ते आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत द्या. आणि त्यांना म्हणावं, आजच्या आज बंद करा. हे पिऊन काही बरं होत नाही. अंगात मात्र साठत जातं."

काटेसाहेबांनी लगेच फोन लावला. बाळ दुकानात होता. "भाऊजी, कुणीही काहीही सांगतं," तो म्हणाला. "मीटर चालू होता तोवर दहाच दाखवायचा. आकडा खोटं बोलेल का?" काटेसाहेबांनी फोन खाली ठेवला. नोकरीची पस्तीस वर्षं ते स्वतः दुकानदारांना हेच वाक्य ऐकवत आले होते.

तेव्हा आता आकडाच आणून त्याच्या तोंडावर मारायचा, असं ठरवून सोमवारी ते बाटली घेऊन सरकारी प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. नमुन्याचा प्रकार: पिण्याचे पाणी, सांडपाणी, औद्योगिक द्रव. एकावर खूण करा.

"यात हे बसत नाही," काटेसाहेब म्हणाले.

"हे माणूस पितो का?"

"पितो, पण पिऊ नये असं आहे."

"मग सांडपाणी."

"अहो, माझा मेहुणा रोज सकाळी हे पेल्यातून पितो!"

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "त्याला आमचा रकाना नाही. आणि नमुना सीलबंद लागतो. सक्षम अधिकाऱ्याचं सील."

"मी स्वतः निरीक्षक होतो. वजनमापे."

"होतो," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

सक्षम अधिकारी म्हणजे कोण, याची चौकशी करत काटेसाहेब पोचले ते आपल्याच जुन्या कचेरीत. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कनिष्ठ निरीक्षक होता. तो ताडकन उठला, खुर्ची पुसली, चहा मागवला. सगळी हकिगत ऐकून घेतली. तीन मीटर आणि वही काटेसाहेबांनी पुराव्यादाखल टेबलावर मांडली होती. तो एकेक मीटर उचलून बघायला लागला.

"साहेब, ही तिन्ही यंत्रं तुमच्याच ताब्यातली?"

"हो."

"एकाच मालाला तीन आकडे दाखवणारी?"

"तेच तर सांगतोय."

कनिष्ठाचा चेहरा रडवेला झाला. "तुम्हीच शिकवलंत साहेब. मापात तफावत दिसली की आधी जप्ती, मग चौकशी. समोर सख्खा बाप असला तरी."

काटेसाहेबांनी मीटर स्वतःच पुढे सरकवले. त्यांच्यासमोर पंचनामा झाला. तिन्ही मीटर कापडी पिशवीत गेले, वर लाख ओतली गेली. सही करताना त्यांनी कागद वाचला. एक काना चुकला नव्हता, एक रकाना मोकळा नव्हता. अपमानानं कान तापले होते, पण त्यांना पोराचा अभिमानही वाटला आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हे काही त्यांना उमगेना. बाटलीलाही सील लागलं. तेवढं काम मात्र चोख झालं. प्रयोगशाळेनं ती घेतली, "औद्योगिक द्रव" म्हणून, आणि निकाल तीन आठवड्यांनी मिळेल असं सांगितलं.

"तीन आठवडे?" घरी बायको म्हणाली. "म्हणजे अजून एकवीस पेले?"

"पण आकड्याशिवाय तो ऐकणार नाही. आणि माझ्याकडे तर आता मीटरही नाहीत."

बायकोनं पर्स उचलली. "चला."

बाळचं दुकान नेहमीसारखं डब्यांनी भरलेलं होतं. बाळ काउंटरमागे होता. तो "ये ताई" म्हणायच्या आत तिनं त्याला हाताला धरून बाहेर, लख्ख उन्हात आणून उभा केला. मग आत जाऊन रंगछटांचं ते जाडजूड कार्ड घेतलं, ज्यात चिकटवलेल्या शेकडो पट्ट्या असतात, आणि भर रस्त्यात त्याच्या गालाला पट्ट्या लावून बघायला लागली.

"ताई, काय करतेस? गिऱ्हाइकं बघतायत!"

"हलू नकोस. हा नाही... हा फिका आहे... हा जवळ येतोय." एक पट्टी तिनं गालाला टेकवली आणि तिथंच धरून ठेवली. "वाच. काय लिहिलंय?"

बाळनं मान तिरपी करून वाचलं. ही कार्डं त्याला पाठ होती, तरी त्याला वेळ लागला.

"निळसर राखाडी," तो म्हणाला. "बाहेरच्या भिंतींसाठी."

मग तिनं स्वतःचा हात त्याच्या हाताशेजारी धरला. आईसारखाच गव्हाळ रंग होता दोघांचा, लहानपणी लोक जुळी समजायचे. आता एक हात माणसाचा दिसत होता आणि दुसरा पुतळ्याचा. बाळनं आपली नखं बघितली. नखांच्या मुळाशी निळी झाक होती. तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

"तेज नाही का गं हे?" त्यानं विचारलं.

 ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. चोपन्न वर्षांच्या दुकानदाराच्या डोक्यावरून, भर बाजारात. काटेसाहेब कार्ड घेऊन बाजूला उभे होते. त्यांनी पट्टीचा क्रमांक बघितला, खिशातलं पेनही काढलं, पण लिहिलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निदान केलं. चांदी कातडीत जाऊन बसली होती. हा रंग जाणार नाही, पण आज पिणं बंद केलंत तर आणखी गडद होणार नाही, असं ते म्हणाले. बाकी तपासण्या बऱ्या निघाल्या. "आणि गुडघे?" बाळनं विचारलं. "गुडघ्यांसाठी वजन कमी करा," डॉक्टर म्हणाले. बाळनं घरी जाऊन बरणी, तारा, बॅटऱ्या सगळं ताईच्या स्वाधीन केलं. त्या तारा आणि काटेसाहेबांच्या तारा तिनं सोनाराला नेऊन दिल्या. त्यानं त्या घेतल्या आणि ती निघताना म्हणाला, "साहेबांची काळजी घ्या."

निकाल तीन नाही, पाच आठवड्यांनी आला. चांदीचं प्रमाण, दहा लाखांत चौऱ्याऐंशी. खाली शेरा: औद्योगिक वापरास हरकत नाही. काटेसाहेब तो कागद घेऊन दुकानात गेले. बाळनं आकडा दोनदा वाचला, कागदाची घडी घातली आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवली. त्यानं भाऊजींना चहा मागवला. 

तेवढ्यात एक बाई आल्या. नवं घर बांधत होत्या, बाहेरच्या भिंतींना रंग हवा होता. बाळनं कार्डं पसरली, डबे उघडून दाखवले, त्यांना काहीच पसंत पडेना. हा फार निळा, तो फार मळका. मग त्यांनी नजर वर केली आणि त्या बाळकडे बघतच राहिल्या. त्यांनी डोळे बारीक केले, मान जरा मागे घेतली.

"राग मानू नका," त्या संकोचून म्हणाल्या, "पण मला अगदी असाच हवा होता. तुमच्या... हा कुठल्या डब्यातला?"

 काटेसाहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.  मग गेल्या पाच आठवड्यांत पहिल्यांदाच बाळ खदखदून हसला, इतका की त्याला काउंटर धरावा लागला.

"हा डब्यात मिळत नाही बाई," तो डोळे पुसत म्हणाला. "हा चढायला दीड वर्ष लागतं."

"सोळा महिने," काटेसाहेब म्हणाले.